गारभिंतीला घाम

गारभिंतीला हात लावायचा नाही, अशी सूचना यामिनी चटपने स्वतःच लिहून दारावर चिकटवली होती आणि ती मोडणारीही बहुतेक तीच असायची. नगरपालिकेच्या त्या आतल्या खोलीत पाऊल टाकलं की तिचा तळवा आपसूक भिंतीला टेकायचा. बाहेर सगळं वेणाघाट एकावन्न अंशांत रटरटत असायचं आणि इथे भिंत माठाच्या पोटासारखी गार. क्षणभर वाटायचं, ओजूला इथेच आणून झोपवावं. मग ती हात काढून घ्यायची, दार घट्ट लावून बाहेर यायची. ओजू, तिची दीड वर्षांची लेक, घरी आजीपाशी असायची. ही खोली लेकरांसाठी नव्हती, वाटेकऱ्यासाठी होती.

वाटेकरी म्हणजे खोलीच्या मधोमध तीन लोखंडी कपाटांत बसवलेला संगणक. वीज पुरेनाशी झाल्यापासून गावातल्या प्रत्येक मीटरची नाडी त्याच्या हातात होती. कोणत्या घराला किती द्यायची, कोणाची कधी थांबवायची, हे तो क्षणाक्षणाला ठरवायचा. नियम साधा होता. ज्या घराने सगळ्यात कमी वापरली त्याला आधी, आणि ज्याने आपला वाटा संपवला त्याची बंद, मग तो पुढाऱ्याचा बंगला असो की टेकडीवरची पत्र्याची खोली. तो नियम लिहिताना यामिनीही समितीत बसली होती. सुरुवातीला लोकांनी पोटभर शिव्या घातल्या. पण त्या उन्हाळ्यात गावातली माणसं कमी दगावली, आणि मग लोक वाटेकऱ्याबद्दल घरातल्या कर्त्या माणसासारखं बोलायला लागले. देतो थोडं, पण सगळ्यांना देतो, म्हणायचे.

या कर्त्याला उकाडा मात्र अजिबात सोसत नव्हता. पस्तिसाच्या वर तापला की तो स्वतःला बंद करून घ्यायचा. एसी लावावा, तर गावाच्या वाट्याची वीज एसीच खाणार. म्हणून गारभिंत आली.

पाण्यात बर्फ टाकला की शेवटचा खडा वितळेपर्यंत पाणी गार राहतं. बाहेरून येणारी उष्णता बर्फ वितळवण्यातच खर्ची पडते, पाणी तापवायला उरत नाही. मोहाच्या बियांचं तेल हिवाळ्यात बाटलीत थिजतं, हे या भागातल्या कोणालाही ठाऊक होतं. एका प्रयोगशाळेने त्यातूनच एक मेण वेगळं काढलं, बरोबर चोवीस अंशांना वितळणारं. त्याच्या लाद्या खोलीच्या भिंतींत आणि छतात बसवल्या. दिवसभर यंत्रांची धग मेण पीत राहायचं, वितळत राहायचं, पण चोवीसच्या वर चढायचं नाही. रात्री गच्चीवरचे पांढरे पत्रे ती धग मोकळ्या आभाळात सोडून द्यायचे आणि सकाळी मेण पुन्हा थिजलेलं असायचं. किती मेण शिल्लक आहे हे दाराबाहेरच्या पट्टीवर दिसायचं. पट्टी पांढरी आहे तोवर वाटेकरी सुखरूप.

त्या दुपारी मोठी लाइन पडली. तापलेल्या तारा लोंबून कुठल्या तरी झाडाला टेकल्या आणि अख्ख्या तालुक्याची वीज गेली. वेणाघाट तेवढं आपल्या बॅटरीघरावर आलं. साठा जपून वाटला, तर ऊन उतरेपर्यंत निभलं असतं. पण सगळ्यांनी एकदम ओरबाडला, तर मुख्य खटका पडणार आणि सरकारी दवाखान्यासकट गाव बंद.

मुख्याधिकारी तायडे साहेब नागपूरला बैठकीला गेले होते. ऑफिसात उरली वाटेकऱ्याची देखभाल बघणारी यामिनी आणि कार्यालय अधीक्षक बोबडे. बोबडे शर्टाची वरची बटणं सोडून फायलीने वारा घेत होते.

"मॅडम, आज दार उघडू नका बरं."

"मी कशाला उघडू?"

"रोज जाता न भिंतीला हात लावायले. मला काय दिसत नाही का?"

यामिनीला हसू आलं. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि ओल्या लुगड्यात काहीतरी गुंडाळून छातीशी धरलेल्या तिच्या सासूबाई, सुलोचनाबाई, दारात उभ्या राहिल्या.

"आई? एवढ्या उन्हाच्या?"

"दवाखान्यातून येऊन राहिली. तिथं पाय ठेवायले जागा नाही." त्यांना धाप लागली होती. "डॉक्टरीणबाईनं सलाईन दिलं, ओलं फडकं दिलं. म्हणे गार जागेत ठेवा, नाहीतर ताप उतरायचा नाही. घरचा कूलर केव्हाचा बंद. तुमच्या त्या वाटेकऱ्यानं आपला वाटा संपला म्हणून सांगितलं."

यामिनीने लुगडं बाजूला केलं. ओजूचं अंग कोरडं होतं आणि तव्यासारखं तापलं होतं. डोळे अर्धवट मिटलेले. लेकरू रडत नव्हतं. एवढ्या उन्हातून आणलं तरी कुरकुरतही नव्हतं.

सासूबाईंनी दाराकडे बोट केलं. "गावात गार खोली एकच हाय. हे."

"आई, ती खोली—"

"मला माहीत हाय कोणाची खोली. ते डबडं गारव्यात बसून राहिलं अन् हे लेकरू बाहेर? तू माय आहेस का चौकीदार?"

बोबडे खाली बघून फाइल हलवत राहिले. व्हरांड्यात आणखी दोघी बायका लेकरं घेऊन टेकल्या होत्या. त्याही दवाखान्यातून परतलेल्या. त्या यामिनीच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

यामिनीने झरझर हिशेब मांडला. मोठं माणूस बसल्या जागी शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता टाकतं, लेकरू त्याहून कितीतरी कमी. तीन बाया, तीन लेकरं, आणि दार उघडताना आत शिरेल ती धग. पट्टी अजून निम्म्याहून वर पांढरी होती. भिंत सोसेल. धगीचा हिशेब तिने चोख केला. दुसऱ्या एका गोष्टीचा करायला हवा होता, ती त्या वेळी तिच्या डोक्यातच आली नाही.

"एकदाच उघडते आहे," ती व्हरांड्याकडे वळून म्हणाली. "तुम्हीपण या. पटकन."

"मॅडम, साहेबांना काय सांगू?" बोबडेंनी विचारलं.

"सांगा, मी उघडलं."

आत येताच गारव्यानेच त्या दोघींपैकी एकीचे डोळे भरून आले. यामिनीने ओजूला भिंतीलगत सतरंजीवर निजवलं, फडकं पुन्हा ओलं केलं, तिच्या ओठांवर साखर-मिठाच्या पाण्याचे थेंब सोडले. दोन थेंब बाहेर आले, तिसरा आत गेला. तेवढ्यात पडद्यावर लाल खूण लुकलुकली. बॅटरीघरातला एक खटका अडकला होता, तो हातानेच सोडवावा लागणार. बॅटरीघर मागच्या आवारात, उन्हातून पलीकडे.

"जा," सासूबाई म्हणाल्या. आवाज आता नरमला होता. "मी हाय न इथं."

"दार उघडं ठेवू नका. बाकी काही करू नका."

खटका गंजून बसला होता. पक्कड पोळत होती, ओढणीने धरून तिने तो सोडवला. परत येताना आवाराच्या फरशीवरून तिला पळावं लागलं, चपलांचे तळ चिकटत होते. जिना चढून तिने आतलं दार ढकललं, आणि अंगावर ओली, वाळ्याच्या वासाची झुळूक आली.

खोलीत कूलर चालू होता.

साहेबांच्या केबिनमधला मोठा कूलर, टाकी काठोकाठ भरलेली. वारा भरभरून वाहत होता, तिन्ही लेकरं शांत झोपली होती. बोबडे कूलरपाशी समाधानाने उभे.

"वाराच नव्हता न खोलीत," सासूबाई म्हणाल्या. "लेकरं घामेजली. मी बोबडे भाऊंना म्हटलं, एखादा कूलर असंल तर द्या लावून. पाह्य बाई, कशी झोपली."

यात कोणाचंच चुकलं नव्हतं. इकडे उन्हाळ्यात कोणी दारात आलं की आधी कूलर लावतात, मग पाणी विचारतात. खिडकीतल्या कूलरवर पिढ्या वाढल्या. कूलर नसलेली खोली गार असू शकते, हे यामिनीने तोंडाने कितीही सांगितलं असतं तरी कोणाच्या अंगाला पटलं नसतं.

ओजूने डोळे उघडले. "मम," ती म्हणाली. यामिनी खाली बसली, वाटी तिच्या ओठांना लावली, आणि ओजू घटाघटा प्यायली. तिच्या मानेला घाम आला होता. कोरडं अंग ओलं झालं होतं. यामिनीला ते इतकं सुंदर वाटलं की तिने त्या घामात नाक खुपसलं.

आणि मग तिच्याच मानेवर वरून एक थेंब पडला.

तिने वर पाहिलं. छताच्या लाद्यांवर पाण्याचे मणी जमले होते. भिंतींवरून ओघळ उतरत होते. गार ताकाच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं, तसं. बंद खोलीत कूलरने ओला वारा कोंडला होता, माणसांचे श्वासही त्यातच होते. आणि चोवीस अंशांवर हटून बसलेली भिंत त्या हवेतलं पाणी स्वतःवर ओढून घेत होती. खिडकीतला कूलर ओलावा बाहेर घालवतो. इथे खिडकीच नव्हती. छतावरचे मणी टपटपत होते ते थेट तीन कपाटांच्या डोक्यावर.

"कूलर बंद करा."

बोबडेंनी बंद केला. "झालं. आता?"

"गळलेलं पाणी परत वर जात नाही, भाऊ."

तिसऱ्या कपाटातून तडतड आवाज आला, फोडणीत मोहरी पडावी तसा. जळका वास सुटला. आता दोनच वाटा होत्या. यंत्र चालू ठेवलं, तर ते आत्ता, इथे जळणार आणि अख्खा उन्हाळा गाव उघडं पडणार. बंद केलं, तर सुकवून पुन्हा उठवता येईल, पण तोवर गावाला वाटेकरीच नाही. यामिनीने लाल दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला. पंखे थांबत थांबत थांबले. त्या खोलीत एवढी शांतता तिने कधीच ऐकली नव्हती.

"लेकरं बाहेर घ्या. खोलीचं अन् व्हरांड्याचं, दोन्ही दारं सताड उघडा."

"गरम हवा येईन न आत," सासूबाई म्हणाल्या.

"तीच हवी आहे. या उन्हात पाण्याचा कणही टिकत नाही. तेच सुकवेल."

लेकरं कुठे न्यायची, हा प्रश्न समोरच्या पिंपळकर काकूंनी सोडवला. त्या गॅलरीतून बघतच होत्या. "इकडं आणा वो," त्यांनी हाक मारली. "आमचा कूलर सुरू झाला आताच, काय माहीत कसा." ओजूला सासूबाईंच्या हातात देताना यामिनीची बोटं सुटेनात. सुलोचनाबाईंनी ती हळूच सोडवली.

"माझ्यानं झालं का हे?" त्यांनी विचारलं.

"दार मी उघडलं, आई."

काकूंचा कूलर का सुरू झाला, हे यामिनीला लगेच उमगलं. वाटेकऱ्याने अडवलेली सगळी घरं एकदम मोकळी झाली होती. ऑफिसच्या भिंतीवर बॅटरीघराचा जुना काटा होता, तो वर सरकत होता. गावभरचे कूलर एकेक करून घरघरायला लागले होते. काटा पिवळ्यातून तांबड्याकडे निघाला. तांबड्यात पोचला की मुख्य खटका पडणार. दवाखान्यात प्राणवायूवर असलेली माणसं होती.

घंटागाड्यांचे भोंगे ऑफिसच्या माइकला जोडलेले असतात. कचरा गोळा करणाऱ्या त्या गाड्या स्वतःच्या बॅटरीवर चालतात आणि दुपारी गल्लीगल्लीत सावली धरून उभ्या असतात. यामिनीने माइक हातात घेतला. बोलायची तिला सवय नव्हती. तिने काट्याकडे पाठ केली.

"मी नगरपालिकेतून यामिनी चटप बोलते आहे. वाटेकरी बंद आहे. मी बंद केला. माझी मुलगी आजारी होती म्हणून मी गार खोलीचं दार उघडलं आणि यंत्रात पाणी गेलं. तुमच्या घरी आत्ता वीज आली असेल, पण सगळ्यांनी वापरली तर थोड्या वेळात कोणालाच मिळणार नाही, दवाखान्यालाही नाही. गल्लीत एकच घर चालू ठेवा. लेकरं, म्हातारी माणसं, आजारी माणसं त्या घरात न्या. बाकीच्यांनी मेन स्विच बंद करा. आत्ता."

खालच्या रस्त्यावरून कोणीतरी खिडकीकडे बघून ओरडलं, "तुमच्या पोरीसाठी आमचे कूलर बंद का?"

"हो," यामिनी माइकमध्येच म्हणाली. "माझ्या पोरीसाठी दार उघडलं, हे खरं आहे. शिव्या संध्याकाळी द्या, मी इथेच आहे. आधी स्विच बंद करा."

बोबडेंनी कपाळावर हात मारला. "अख्ख्या गावात ऐकू गेलं हे."

काटा तांबड्याच्या काठाला टेकून थरथरत होता. यामिनीने पुन्हा सांगितलं. गल्ल्यांची नावं घेऊन सांगितलं. आवाज फाटला तेव्हा बोबडेंनी माइक ओढून घेतला आणि त्यांच्या पद्धतीने सुरू केलं, "ए मत्ते गुरुजी, तुमच्या वरच्या मजल्यावर कोणी राहत नाही, तिथला कूलर कोणासाठी चालवून राहिले?" काटा तसूभर खाली आला. पुन्हा चढला. मग बराच वेळ एका जागी राहिला. आणि मग खरोखर उतरायला लागला, एखाद्या माणसाने अंधारात चाचपडत जिना उतरावा तसा.

खिडकीतून दिसत होतं, लोक डोक्यावर ओले टॉवेल टाकून रस्ता ओलांडत होते. एका म्हातारीला खुर्चीसकट उचलून चौघांनी पलीकडच्या घरात नेलं.

खोलीतल्या भिंती सुकल्या होत्या. उन्हाने पाणी तर प्यायलंच, मेणही निम्मं खाल्लं होतं, तरी पट्टीवर पांढरं शिल्लक होतं. यामिनीने दारं लावली, जळालेली तार काढून टाकली. तेवढ्यात तायडे साहेबांचा फोन आला.

"काय चाललंय तिथे? मला नागपुरात बसून कळतंय की तुम्ही भोंग्यावर घरच्या गोष्टी सांगताय."

"सर, यंत्र सुकलं आहे."

"मग ताबडतोब चालू करा. माणसांच्या भरवशावर गाव चालत नाही. मी लाइनवर आहे, वाटेकऱ्याचा पडदा मला इथेही दिसतो."

तिने फोन कपाटावर ठेवला आणि दांडा वर केला. पंखे फिरले. पडद्यावर वेणाघाटची घरं ठिपक्यांसारखी उमटली. वाटेकरी जागा झाला, त्याने सगळे मीटर तपासले आणि कामाला लागला. यामिनीने पडद्यावरचे आकडे वाचायला घेतले.

मधल्या वेळात शेकडो घरांचा वापर शून्य होता. त्यांनी स्वतःहून स्विच बंद केले होते. वाटेकऱ्याला मात्र हे काही ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी ही सगळ्यात उपाशी घरं होती आणि नियम सांगत होता, ज्याने सगळ्यात कमी वापरली त्याला आधी. तो त्यांचा वाटा बाजूला काढून ठेवायला लागला. आणि जिथे गल्लीतली सगळी लेकरं गोळा झाली होती, ती घरं त्याला खादाड दिसत होती. वाटा संपलेली, हावरट घरं. त्यांच्यावर एकेक करून काळी फुली पडायला लागली. टेकडीवरचं एक. बाजारातलं एक. मग समोरचं, पिंपळकरांचं.

तिने खिडकीतून पाहिलं. काकूंच्या गॅलरीतला पडदा कूलरच्या वाऱ्याने फुगलेला होता. तो हळूहळू खाली बसला.

वाटेकरी चुकत नव्हता. तो तिनेच लिहिलेला नियम पाळत होता, अगदी काटेकोर. कोणी आपलं उचलून दुसऱ्याला देईल, हे त्या नियमात कुठे बसवायचं ते समितीत कोणाला सुचलंच नव्हतं.

यामिनीने दांडा खाली ओढला.

"चटप बाई?" कपाटावरून आवाज आला. "पडदा काळा का झाला? कोणाच्या परवानगीने बंद केलं? हे बघा, तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे. हॅलो?"

सुलोचनाबाई धापा टाकत जिना चढून आल्या. "कूलर बंद पडला होता, आता पुन्हा लागला. ओजू बरी हाय, बिस्कीट मागून राहिली. म्हटलं तुला सांगून यावं." त्यांनी सुनेचा चेहरा पाहिला, मग गप्प पडलेल्या यंत्राकडे पाहिलं. "हे का बंद?"

"याला माणसं दिसत नाहीत, आई. कोणाच्या घरी किती जण आहेत, कुठे जास्त लागेल, कुठे कमी, ते आता जाऊनच विचारावं लागेल. घंटागाडी घेऊन निघते. बोबडे भाऊ, काट्यावरून नजर हलवू नका. वर चढला की भोंग्यावर सांगा."

तिने ओढणी बादलीत बुडवली, डोक्याला गुंडाळली आणि जिना उतरली. फोन कपाटावर तसाच ओरडत राहिला. सुलोचनाबाईंनी तो उचलला, उलटा होता तो सुलटा करून कानाला लावला.

"साहेब, मी तिची सासू बोलून राहिली. सूनबाई बाहेर गेली, घरोघर विचारायले. नाही, आता नाही बोलता येणार तिला." त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. "नोकरीचं तुम्ही आल्यावर बोला. पण ऊन कलल्याबिगर निघू नका, लई तापून राहिलं इकडं. अन् ते दार उघडायले मीच लावलं होतं, तेही लिहून घ्या."

मग त्यांनी फोन ठेवला, खोलीचं दार नीट ओढून घेतलं आणि ओजूकडे जायला निघाल्या.